घोंगडीचं दुःख

"सव्वा किलो! माउलीचं सव्वा किलो दुःख उतरलं!"

माईकवरून ही घोषणा झाली आणि माळावर बसलेल्या शेकडो माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यात सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारी बाई मी होते, कारण ते सव्वा किलो दुःख माझंच होतं.

आज हे लिहिताना मला हसू येतंय. तेव्हा मात्र रडू आवरत नव्हतं.

गावाबाहेरच्या माळावर मंडप पडला होता. मधोमध भुसाराच्या दुकानात असतो तसला लाइटवरचा वजनकाटा, त्याला झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि काट्याच्या मागं उंच पाटावर बाबा. त्यांचं खरं नाव दोन ओळींचं होतं, पण आमच्या जामखेडकडच्या माणसांना एवढा वेळ कुठला? लोकांनी 'काटाबाबा' करून टाकलं.

"बोल माय, मन जड झालंय का?" बाबा विचारायचे.

"व्हय बाबा, लई जड."

"जड म्हणजे काय? ज्याला वजन आहे ते जड! हे सायन्स आहे, सायन्स! परदेशात अजून यंत्रं शोधतायत आणि आपल्या ऋषींनी दुःख सोन्यासारखं गुंजा-माशांत मोजून ठेवलंय!"

पद्धत सोपी होती. मंडपाबाहेरच्या टाकीपाशी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि ओलेत्यानं काट्यावर उभं राहायचं. चेला आकडा पुकारणार. मग बाहेर उन्हात धुनीभोवती गोल करून बसायचं, मनात साठलेलं बोलायचं, रडायचं. उन्हं उतरली की पुन्हा काट्यावर. आकडा कमी!

"अन्न घेतलं नाही, पाणी घेतलं नाही, जागचं कुणी हललं नाही," बाबा दोन्ही हात वर करायचे, "तरी वजन घटलं. मग गेलं काय?"

"दुःख!" सगळा माळ ओरडायचा.

ज्याला येता येत नसेल त्याच्या अंगावरचं वस्त्र आणा, भिजवून तोलू, वस्त्रातसुद्धा दुःख उतरतं, अशीही सोय होती. ओलेत्यानं देवापुढं जायची रीत आमच्याकडं जुनीच, त्यामुळं कुणी का-कू केली नाही. ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली माणसंही रांगेत होती. कारखान्याच्या काट्यावर यांचा काडीचा विश्वास नसतो. गाडी वजनाला लागली की चौघं चारी बाजूंनी वाकून बघतात. तीच माणसं इथं डोळे मिटून, हात जोडून उभी.

त्यांना हसायचा मला अधिकार नाही. माझी गोष्ट ऐका.

मी भारती. शिवणकाम करते. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण वाचनालयातल्या पुस्तकांवर आणि पुडीच्या कागदांवर. घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. आणि वर मी गावाची 'मनसखी'. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुकन्यांनी आम्हा काही बायकांना शिकवून तयार केलं होतं. मन आजारी पडलेलं माणूस ओळखायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, दवाखान्यापर्यंत सोबत जायचं, आणि जीव द्यायचे विचार येत असतील असं वाटलं तर आडून न विचारता सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं.

मला गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं होतं. ते मी भाजी आणायला जातानाही घालायची. उत्साह तर इतका, की ब्लाउजचं माप घेता घेता विचारायची, "छाती छत्तीस, बाही नऊ, रात्री झोप लागते का?" बायका हळूहळू पलीकडच्या आळीतल्या शिंप्याकडं जायला लागल्या.

अशी मी काटाबाबाचं ढोंग उघडं पाडायला म्हणून ऐटीत निघाले. ठेवणीतली जाडजूड सुती साडी नेसले. डोक्यावरून पाणी घेतलं, काट्यावर उभी राहिले, धुनीपाशी बसले. शेजारची बाई तिच्या लेकीच्या आठवणीनं रडायला लागली. मला माझी आई आठवली. आई गेल्यापासून मी रडलेच नव्हते. मग जी रडले, ती रडलेच. मन हलकं झालं आणि काटा म्हणाला सव्वा किलो. तपास तिथंच संपला.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "सापडलं का ढोंग?"

"काहीतरी असेलही हो त्यात," मी म्हटलं. त्यानं एकदा तसबिरीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि चहा ठेवायला आत गेला.

एवढ्यावर भागलं असतं तर ही नुसती माझ्या फजितीची गोष्ट झाली असती. पण माझ्या शेजारी सत्यशीला राहते.

सत्यशीला तिशीतली. नवरा प्रशांत नागापूरला कारखान्यात, पंधरवड्याला घरी येणारा. घरात ती, सासू भागिरथीकाकू आणि तिसरीतली लेक निकिता. मधे तिचं मन असं काही खचलं होतं की उठणं नाही, जेवण नाही, लेकीच्या हाकेला ओ नाही. काकूंचे सगळे अंगारे करून झाल्यावर मी तिला डॉक्टर सुकन्यांकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू ती शेळ्यांमागं जायला लागली, माझ्या शिवणाला नावं ठेवायला लागली. "अक्का, तुमी गळा शिवता का खिडकी?" असं ती म्हणाली त्या दिवशी मी ओळखलं, पोरगी सुधारतेय.

तिला काकूंनी काटाबाबाकडं नेलं. मी अडवायला गेले.

"तुला जमतं अन् तिला न्हाई व्हय?" काकू फणकारल्या. "सव्वा किलो उतरवून आलीस. टाळ्या काय वाजवत हुतीस! आता शानपन शिकवती."

मी गळ्यातलं ओळखपत्र पदराआड केलं.

सत्यशीला रोजची फुलाफुलांची नायलॉनची साडी नेसून गेली. भिजली, तोलली, धुनीपाशी बसली. संध्याकाळी काट्यावर चढली. पावशेर. सगळ्यांचं किलो-किलो उतरलेलं, हिचं पावशेर.

बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दवाखान्याच्या गोळ्या खातेस?"

"व्हय."

"तरीच! गोळ्यांनी दुःखाला मुळं फुटतात. सोड त्या. नाहीतर कुणाच्या बापाला ते उपटायचं नाही."

तिनं गोळ्या सोडल्या. पुन्हा गेली, पुन्हा पावशेर. तिसऱ्यांदा गेली तेव्हा आकडा पुकारल्यावर शेजारच्या बायका जरा सरकून बसल्या. "हिनं धरूनच ठेवलंय दुःख," कुणीतरी म्हणालं. "देवालाबी नको झाली."

त्यानंतर एका सकाळी ती माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत काठापदराची नवी साडी. प्रशांतनं आणलेली, घडीसुद्धा न मोडलेली.

"अक्का, ही ठेवा तुमच्याकडं. निकिता मोठी झाली की तिच्या मापाचं कायतरी शिवून द्या."

मी शिंपीण. कापड हातात आलं की माझी अक्कल बोटांत जाते. पदर चिमटीत धरून चोळला आणि म्हटलं, "झकास पोत आहे गं! फॉल लावू का?"

ती रिकामी पिशवी घेऊन गेली. ती अंगण ओलांडत होती तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस आपल्या जिवाच्या वस्तू वाटायला लागलं की सावध व्हा, हे डॉक्टरांनी शिकवलेलं पहिलं वाक्य. आणि मी फॉल विचारत होते!

धावत गेले. ती ओट्यावर बसली होती. आता सरळ विचारायचं होतं. बाहीचं माप घेताना सतरा वेळा सहज विचारणारी मी, खरी वेळ आली तेव्हा भलतंच विचारू लागले.

"जेवलीस का गं?"

"व्हय."

"शेळी बरी आहे?"

"बरी हाय."

"ऊन काय पडलंय नाही यंदा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "अक्का, काय इचारायला आलाव ते इचारा की."

"सत्यशीला," मी म्हटलं, "मरून जावं असं येतं का गं मनात?"

तिनं नजर अंगणाकडं वळवली. मग म्हणाली, "येतं. रोज येतं. आज लईच यायलंय."

माझ्या पोटात निकिताविषयी, आयुष्याविषयी, जगण्याच्या किमतीविषयी एक मोठं भाषण तयार होतं. ते मी गिळलं. तिचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं डॉक्टरांना फोन लावला.

"तिला एकटी सोडू नका, आणि आजच घेऊन या," डॉक्टर सुकन्या म्हणाल्या. "कितीही उशीर झाला तरी मी थांबते."

काकूंना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. त्या सुनेला चिकटून बसल्या. गावातल्या जीपवाल्या कल्याणला निरोप धाडला, त्याची जीप दुपारी निघणार होती. पण सत्यशीला मान हलवत राहिली.

"मी न्हाई यायची. डाक्टर काय करनार? समद्यांचं उतरलं, माझं उतरंना. काट्यापुढं समदं उघडं पडलंय अक्का. माझ्यातच खोट हाय."

समजावून झालं, रागावून झालं, काकूंचा पदर पसरून झाला. ती दगडासारखी बसून. जीप येईपर्यंत तिला नजरेआड करायचं नव्हतं, आणि माझे हात रिकामे राहिले की माझं तोंड सुटतं, ते आज सुटू द्यायचं नव्हतं. म्हणून मी दोन्ही घरांतल्या धुण्याचं बोचकं आणलं आणि म्हटलं, "बस जरा सोबतीला. नाहीतर कर मदत."

ती सवयीनं उठली. तिनं तिची नायलॉनची साडी धुतली, झटकली, दोरीवर टाकली. मग माझी ती ठेवणीतली सुती साडी पिळायला घेतली. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. पिळता पिळता ती थांबली.

"अक्का, तुमची किती जड हाय वो! हात भरून आले. माझी झटकली का वाळली."

"अगं सुती आहे ती," मी नेहमीच्या ऐटीत सुरू झाले, "सुती कापड पाणी पितं. नायलॉन पीतच नाही, त्यामुळं भिजलं तरी त्याचं वजन..."

माझं तोंड उघडंच राहिलं.

आम्ही दोघींनी त्या साडीकडं बघितलं. माझं सव्वा किलो दुःख टपाटपा गळून फरशीवरून मोरीकडं चाललं होतं.

कापडात जन्म गेला माझा! गिऱ्हाइकाला मी सांगते, कपडा भिजवून आण, आटलं की मग शिवते. आणि त्याच कापडातलं पाणी उन्हानं नेलं, तर मी त्याला माझ्या आईचं दुःख समजून टाळ्या पिटल्या!

"म्हंजे," सत्यशीला सावकाश म्हणाली, "मी सुती नेसून गेले असते तर?"

"तर तुझंही सव्वा किलो उतरलं असतं. काटा तुला तोलतच नव्हता गं. तुझ्या साडीला तोलत होता."

तिनं हातातलं टोक सोडलं. "मला बरं वाटावं म्हनून तुमी कायबी म्हनाल. त्याच्या काट्यावर दावा. खरं निघालं तर येते दवाखान्यात."

"शब्द?"

"शब्द."

शेजारच्या पुंजारामनं नुकतीच बाजारातून नवी घोंगडी आणली होती. पुंजाराम म्हातारा, मेंढरांमागं जन्म गेलेला, एकटा जीव. मी घोंगडी मागायला गेले.

"कशाला पायजे?"

"काटाबाबाकडं न्यायची आहे. तुम्हीही चला."

"आजून अंगावर घेतली न्हाई मी ती."

"म्हणूनच पाहिजे."

कल्याणची जीप माळावर आणायला सांगून आम्ही सगळे निघालो. सत्यशीलाचा हात मी सोडला नाही. टाकीपाशी घोंगडी बुचकळली. लोकर ती, रांजणभर पाणी प्यायली. दोघींनी मिळून काट्यावर टाकली.

"पुंजारामबाबांची आहे," मी म्हटलं. "त्यांना येववत नाही."

हे खोटं होतं. पुंजाराम गर्दीत बसून तंबाखू मळत होता.

"साडेसात किलो!" चेला ओरडला.

बाबांनी डोळे मिटून घोंगडीवर हात ठेवला. "हाय हाय हाय! काय भोगलंय या जिवानं! घरात शांती नाही. अन्न गोड लागत नाही. सुनेनं छळ मांडलाय म्हाताऱ्याचा!"

बायका चुकचुकल्या. आम्ही घोंगडी बाभळीवर पसरली आणि तिच्या सावलीत दोघी बसलो. वरून थेंब पडत होते. सत्यशीला बोटानं मातीतला प्रत्येक ओला ठिपका पुसत होती. उन्हाचा कडाका असा की थोड्या वेळानं थेंब थांबले. पुन्हा काटा.

"चार किलो! साडेतीन किलो दुःख उतरलं!"

आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. टाळ्या थांबेनात. बाबांनी माईक जवळ ओढला. "बघा! म्हातारा आत्ता घरी उठून बसला असेल! सुनेला मिठी मारली असेल!"

"कुनाच्या सुनेला?" गर्दीतून पुंजाराम उठला. "माझं लगीनच झालं न्हाई! अन् ती घोंगडी म्या आजून पांघरली न्हाई. नवी कोरी हाय, ईचारा बाजारात. तिला कसलं दुःख?"

सगळ्या माना बाबांकडं वळल्या. आता माझं भाषण. मी ते वाटेत जुळवून ठेवलं होतं. माईक हातात घेतला आणि म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो, विज्ञान असं सांगतं..." तेवढ्यात चेल्यानं माईकची वायर काढली. पुढचं माझं विज्ञान पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नाही.

सत्यशीलानं माझ्याकडं बघितलं, उठली, टाकीतून बादली भरून आणली आणि काट्यावरच्या घोंगडीवर ओतली. लाल आकडे भराभर वर चढले.

"आलं बगा परत," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. "एवढ्यात हिचं कोन मेलं?"

आधी एक बाई फसकन हसली. मग दुसरी. ऊसतोडीच्या माणसांतला एक जण कपाळावर हात मारून म्हणाला, "आयला, ओला माल कोरड्यात काढला की रं! आपल्यापुढं काटा मारला!" मग हसण्याचा लोंढाच आला. बाबा "करणी! यंत्रावर करणी!" ओरडत होते. ते दुसऱ्या दिवशी टेम्पोत सगळं भरून गेले. सरपंचांनी पोलिसांत अर्ज दिला. तरीही 'आमचं मातुर खरंच उतरलं हुतं' म्हणणाऱ्या काहीजणी आहेतच.

भागिरथीकाकू मात्र जीपकडं जाताना मधेच थांबल्या. "भारती, मग इतक्या जनींना बरं कसं काय वाटलं?"

हा प्रश्न मला आवडला, कारण मलाही बरं वाटलं होतं आणि ते खोटं नव्हतं. "काकू, आपण तिथं एकमेकींपाशी बसलो. बोललो, रडलो, कुणी हसलं नाही. त्यानं बरं वाटलं. त्याला ना काटा लागतो, ना बाबा. पण सत्यशीलाचं नुसतं दुःख नाही, आजार आहे. ताप रडून जातो का? त्याला औषधच लागतं."

काकूंनी सुनेचा पदर नीट केला आणि तिच्याआधी जीपमध्ये चढून बसल्या.

डॉक्टर थांबल्या होत्या. त्यांनी आधी सत्यशीलाला 'एकटीनं बोलायचंय का?' विचारलं, मग आम्हाला बाहेर बसवलं, हे मला जरा लागलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत या ताकिदीसह. प्रशांत रजा काढून आला आणि बायकोपाशी बसून राहिला. काय बोलावं ते त्याला कळत नव्हतं, पण तो उठला नाही. आता आमच्याकडं बायका मंगळवारी समाजमंदिरात जमतात. कोरड्या कपड्यांत. पुरुषांनाही बोलावलंय. सध्या एकटा पुंजाराम येतो.

वाचणाऱ्यांनो, भुताखेतांची भीती मोठी नाही. मोठी भीती आहे ती, आपल्याला वेडं म्हणतील म्हणून गप्प बसणाऱ्या माणसाच्या मनातली. मनाचा आजार हा आजार आहे, ते पाप नाही, करणी नाही, नाटकही नाही. जो कोणी सांगेल की औषध सोड आणि माझ्याकडं ये, त्याचा काटा आधी तपासा. आणि घरातलं, शेजारचं कुणी अबोल झालं, निरवानिरव करायला लागलं, तर सरळ विचारा. एकटं सोडू नका. दवाखान्यात न्या. कुणीच नसेल हाताशी तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, तिथं दिवसरात्र ऐकणारी माणसं आहेत. मी विचारताना शेळीपासून उन्हापर्यंत फिरून आले. तुम्हीही अडखळाल. अडखळत विचारा, पण विचारा.

सत्यशीला झटक्यात बरी झाली असं मी लिहिणार नाही. तो धंदा बाबांचा. काही दिवस चांगले जातात, काही नाही. परवा सकाळी तिचं दार उघडलं नव्हतं. मी कडी वाजवली.

"अक्का, आज बरं न्हाई," आतून आवाज आला.

"डॉक्टरांकडं जायचं का?"

"दुपारी जाऊ. जीव द्यायचं तसलं काय न्हाई मनात, घाबरू नका. नुसतं जड हाय."

"मग मी इथं ओट्यावर बसते."

मग कडी निघाल्याचा आवाज झाला आणि दार बोटभर उघडलं.

"बसा," ती म्हणाली, "पर बोलू नका."

मी बसले. आणि माझी शपथ, एक अक्षर बोलले नाही.